बर्फांतील सारथ्य

वाहनांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा वेगाचा इतिहास लिहितात. कोणत्या सालीं कोणत्या एंजिनानें ताशीं किती मैलांची मजल मारली आणि कोणी कोणाचा उच्चांक मोडला, या गोष्टी त्यांत ठळक अक्षरांनीं नोंदलेल्या असतात. वाहन वळवावें कसें हा प्रश्न त्या मानानें गौण समजला जातो. आणि पक्क्या सडकेवर तो गौण आहेही. चाकाखालची भूमि घट्ट असली म्हणजे चाक ज्या बाजूस फिरवावें त्या बाजूस गाडी जाते, यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु खालची भूमिच जेथें भार सोसण्यास तयार नाहीं तेथें हा गौण प्रश्न एकदम मुख्य होऊन बसतो. कमरेइतक्या भुसभुशीत बर्फांत गाडी चालविणें अवघड खरें, पण ती वळविणें त्याहून अवघड आहे. चालविण्याची युक्ति हस्तगत होण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. मनाजोगें वळविण्याची युक्ति साधण्यास त्यानंतर आणखी साठ वर्षें जावीं लागलीं. त्या दुसऱ्या, दुर्लक्षित प्रयत्नाचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाहीं. तेव्हां या प्रश्नाशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील. गुलमर्गास हिंवाळ्यांत जाऊन आलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनीं, पुढें दोन घसरत्या फळ्या व मागें रुंद रबरी पट्टा असलेली ती लहानशी गाडी पाहिली असेल. कित्येकांनीं तिजवर बसून एखादी फेरीही मारली असेल. तेथें तिला ‘स्नो-स्कूटर’ म्हणतात. अमेरिकेंत व कॅनडांत तिचें रूढ नांव ‘स्नोमोबाइल’. सियाचिनच्या हिमनदीवर आपलें सैन्यही अशा गाड्या वापरतें. परंतु एवढ्या परिचयामुळेंच हा विषय निवडला आहे असें नाहीं. या गाडीच्या अग्रभागाच्या सुधारणेचा क्रम पाहिला तर त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्यांनीं बर्फावर हुकमत गाजवूं पाहिली त्यांना तो वश झाला नाहीं. ज्यांनीं त्याची प्रकृति ओळखून आपलीच रीत बदलली त्यांना वाट मिळाली. मात्र ती वाट कोठें नेते, याचा विचार त्यांना मागाहून करावा लागला.

या गाडीची अडचण समजण्यासाठीं प्रथम बर्फाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. घरच्या शीतपेटींत जमतो तो बर्फ म्हणजे गोठलेलें पाणी; तो दगडासारखा टणक असतो. आकाशांतून नुकतेंच पडलेलें हिम तसें नसतें. थंड व कोरड्या हवेंत साचलेलें दहा इंच हिम वितळविलें तर त्यापासून जेमतेम एक इंच पाणी निघतें, कित्येकदां तेवढेंही निघत नाहीं. बाकीची सगळी हवा. वाऱ्यानें दडपलें म्हणजे तेंच हिम तिपटीचौपटीनें घट्ट होतें, आणि शेंकडों गाड्यांनीं तुडविलेल्या वाटेवर त्याची जणूं फरशी बनते. एकाच पदार्थाच्या या दोन टोकांच्या अवस्था. आणि एकाच गाडीनें दोहोंवर सारख्याच सुखानें चालावें, अशी माणसाची अपेक्षा.

खोल हिमांत गाडीच्या अग्रभागास दोन कामें एकाच वेळीं करावीं लागतात. पहिलें तरंगण्याचें. पुढच्या फळ्या, ज्यांना स्की म्हणतात, त्या रुंद असाव्या आणि त्यांजवर भार थोडा असावा, म्हणजे त्या बुडत नाहींत. दुसरें काम पकड घेण्याचें. वळतांना स्कीनें बर्फाला बाजूनें रेटा द्यावा लागतो, आणि रेटा द्यावयाचा तर तिजवर भार हवा, तिची कड बर्फांत शिरावयास हवी. आपल्या कोंकणच्या खलाशास ही गोष्ट समजावून सांगावयास नको. सुकाणू पाण्यांत बुडालेलें असेल तरच होडी वळते. तें पाण्याच्या वर राहिलें तर मुठीशीं कितीही झटापट केली तरी व्यर्थ. अग्रभाग तरंगावा तर गाडी वळत नाहीं, आणि वळावी म्हणून भार द्यावा तर तो बुडतो, असा हा पेंच आहे. त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. चालकानें जोर वाढविला म्हणजे मागचा पट्टा बर्फ उकरून खालीं बसतो, अग्रभाग वर उचलला जातो, आणि स्की असून नसल्यासारख्या होतात. उलट जोर एकदम कमी केला तर तोच अग्रभाग नांगराच्या फाळासारखा आंत घुसतो.

बर्फावर मोटार नेण्याचे पहिले गाजलेले प्रयत्न दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत झाले. अर्नेस्ट शॅकल्टन यानें १९०८ सालीं अंटार्क्टिकांत एक अ‍ॅरोल-जॉन्स्टन मोटार उतरविली. समुद्राच्या गोठलेल्या, टणक पृष्ठावर तिनें ओझीं ओढण्याचें काम बरें केलें; पण मऊ हिम लागतांच तिचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. त्या मोटारीचा कारागीर बर्नार्ड डे हाच पुढें रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेंत गेला. स्कॉटनें चाकें सोडून पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांपैकीं एक जानेवारी १९११ मध्यें जहाजावरून उतरवून नेतांना समुद्रावरचा बर्फ फुटून तळाशीं गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत दक्षिणेकडे निघाल्या, आणि थोड्याच दिवसांत एंजिनें निकामी होऊन वाटेंत टाकून द्याव्या लागल्या. या गाड्यांची अपकीर्ति एंजिनांमुळें झाली आणि ती यथार्थच होती. परंतु त्यांत दुसरें एक व्यंग होतें. त्यांना वळविण्याचें साधनच नव्हतें. माणसांनीं बाहेरून दोरानें त्यांचें तोंड हवें त्या दिशेस ओढावें लागे. बैलास वेसण घालण्यापूर्वीं त्याला गाडीस जुंपावें, तशांतलाच हा प्रकार झाला.

वेसणीचा विचार रशियांत झाला. झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यांत अ‍ॅडोल्फ केग्रेस नांवाचा एक फ्रेंच यंत्रज्ञ नोकरीस होता. रशियाच्या हिंवाळ्यांत राजाच्या मोटारी चालाव्या म्हणून त्यानें मागच्या चाकांच्या जागीं लवचिक पट्टे बसविले आणि पुढें स्की जोडल्या. पुढें वळणारी स्की व मागें ढकलणारा पट्टा ही आजच्या स्नोमोबाइलची मूळ आकृति येथें स्पष्टपणें दिसते. राज्यक्रांतीनंतर अशीच एक रोल्स-रॉइस गाडी लेनिनच्या वापरांत होती, आणि मॉस्कोजवळच्या गोर्की येथील संग्रहालयांत ती जतन केली आहे. केग्रेस फ्रान्सला परतला व सित्रोएन कंपनीस मिळाला. त्याच्या पट्ट्यांच्या मोटारींनीं १९२२-२३ च्या हिंवाळ्यांत सहारा ओलांडला. आणि १९३१ सालीं तशाच गाड्या श्रीनगराहून गिलगिटपर्यंत हिमालयाच्या दुर्गम वाटेनें नेल्या गेल्या, हेंही आपण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तथापि या गाड्या म्हणजे मोठ्या, जड मोटारीच. राजरस्त्यावरच्या बर्फांत त्या चालत. रानांतल्या हिमांत जाण्याचें त्यांचें काम नव्हे.

रानांत जाणारी गाडी अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत, सेनर नांवाच्या खेड्यांत जन्मास आली. कार्ल एलियासन हा तेथला एक दुकानदार. पायांत व्यंग असल्यामुळें त्याला शिकारीच्या वेळीं आपल्या मित्रांबरोबर बर्फांतून चालणें जड जाई. त्यानें १९२४ सालीं होडीचें एक लहानसें एंजिन लांकडी घसरगाडीवर बसविलें, मध्यें पट्टा लावला, आणि पुढें दोन स्की ठेवल्या. १९२७ सालीं त्याला या गाडीचें पेटंट मिळालें. स्की वळविण्यासाठीं त्यानें दोर बांधले होते. घोड्याचे लगाम धरावे तसे ते चालक धरी. एका माणसाची निकड भागेल एवढें काम या गाडीनें केलें, पण वेळ फार घेतला आणि खोल हिमांत तिचें चालणें रडतखडतच होतें.

या इतिहासांतला मुख्य पुरुष मात्र कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा आहे. जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए हा १९०७ सालीं व्हालकूर या गांवीं जन्मला. पंधरा वर्षांचा असतांना, १९२२ च्या वर्षअखेरीस, त्यानें फोर्ड मोटारीचें जुनें एंजिन व मोठा पंखा घसरगाडीवर बसवून ती आपल्या भावासह गांवांतून पळविली. पंखा उघडाच फिरत होता. वडिलांनीं तो प्रकार पाहिला आणि यंत्र तेथल्या तेथें मोडून टाकण्यास सांगितलें. पुढें त्यानें गांवांतच मोटारदुरुस्तीचें दुकान घातलें. त्या काळीं क्वेबेकचीं खेडीं हिंवाळ्यांत महिनेच्या महिने जगापासून तुटलेलीं असत. पहिला बर्फ पडला म्हणजे मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर काढीत. १९३४ च्या हिंवाळ्यांत बोंबार्डिएच्या दोन वर्षांच्या मुलास आंत्रपुच्छाचा विकार झाला. इस्पितळ शेरब्रुक शहरांत, सुमारें पन्नास किलोमीटरांवर. रस्ते बर्फानें गाडलेले. आणि बापाच्या दुकानांत उभी असलेली बर्फावरची गाडी अपुरी. मूल दगावलें.

या घटनेनंतर दुसऱ्याच वर्षीं बोंबार्डिएनें पट्टा फिरविणारें रबर चढविलेलें दांतेरी चाक सिद्ध केलें, आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट त्याला मिळालें. त्या वर्षापासून सात उतारूंची बंद गाडी तो विकूं लागला. बारा उतारूंची गाडी १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत आली. गांवोगांवचे डॉक्टर, धर्मोपदेशक, टपाल नेणारे, हे तिचें गिऱ्हाइक. अग्रभागाच्या दृष्टीनें या गाड्यांत एक शहाणपण होतें. त्यांचें एंजिन मागें, पट्ट्यांच्या वर होतें. त्यामुळें पुढच्या रुंद स्कींवर भार थोडा पडे आणि त्या हिमावर तरंगत. वळणें मोठें घ्यावें लागे. पण गोठलेलें सरोवर अथवा उघडें शेत ओलांडणाऱ्यास त्याची फिकीर नव्हती. १९४८ सालीं सरकारनें रस्त्यांवरील बर्फ उपसून ते हिंवाळाभर मोकळे ठेवण्याचें ठरविलें, आणि या गाड्यांचा खप एकदम उतरला. बोंबार्डिए मग आपल्या मूळ स्वप्नाकडे, एकदोघांनीं बसण्याच्या हलक्या गाडीकडे वळला. १९५९ सालीं बाजारांत आलेली ‘स्की-डू’ ती हीच. तिला रबराचा एकसंध रुंद पट्टा होता, पुढें दोन स्की होत्या, आणि लहानसें एंजिन चालकाच्या पुढें होतें. पहिल्या हंगामांत २२५ गाड्या खपल्या. बोंबार्डिए १९६४ सालीं वारला, तोंपर्यंत वर्षाचा खप आठ हजारांवर गेला होता.

त्याच सुमारास मिनेसोटांतील रोझो या गांवीं एडगर व अ‍ॅलन हेटीन हे बंधु आणि डेव्हिड जॉन्सन हे शेतीचीं अवजारें बनवीत. १९५६ सालीं त्यांच्या कारखान्यांत जी पहिली बर्फगाडी तयार झाली तिचा पट्टा धान्य वाहून नेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याचा होता, आणि स्की एका जुन्या शेव्हरोले मोटारीच्या बंपरपासून केल्या होत्या. पुढें पोलारिस या नांवानें प्रसिद्ध झालेल्या धंद्याचा हा आरंभ. यांच्या आरंभींच्या गाड्यांचें एंजिन मागें असे. एडगर हेटीन १९६० सालीं अशा तीन गाड्या घेऊन अलास्कांत हजार मैलांहून अधिक फिरला, तेव्हां लोकांचा या वाहनावर विश्वास बसूं लागला. १९६८ च्या एप्रिलांत राल्फ प्लेस्टेड व त्याचे तीन सोबती स्की-डूवरून उत्तर ध्रुवास पोंचले. त्यांत बोंबार्डिएचा एक पुतण्या होता. ध्रुवावर पृष्ठभागावरून पोंचल्याचा हा पहिला निर्विवाद पराक्रम होय. परंतु ध्रुवाची वाट समुद्राच्या टणक बर्फावरून होती. जी गाडी ध्रुवावर जाऊन आली तीच घराशेजारच्या जंगलांत ताज्या हिमांत रुतून बसे, आणि मालक फावड्यानें ती उकरून काढीत बसे.

या पेंचाचें एक उत्तर १९६० नंतरच्या दशकांत स्की-डूच्याच ‘अल्पाइन’ नांवाच्या गाडीनें दिलें. तिला मागें दोन पट्टे आणि पुढें मध्यभागीं एकच स्की. खोल हिमांत ती हलत नाहीं असें सहसा होत नसे; ओझें लादून रानोमाळ नेण्यास तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती. परंतु दोन पट्ट्यांचें बळ सरळ पुढें लोटणारें, आणि त्याला वळवूं पाहणारी स्की एकटी. त्यामुळें तिला वळावयास मैदान लागे. तरंगणें पुरतें साधलें, पकड गेली.

आतां दुसऱ्या टोकाची सुधारणा पाहूं. १९७०-७१ च्या हंगामांत उत्तर अमेरिकेंत सुमारें पांच लक्ष स्नोमोबाइल खपल्या, आणि शंभराहून अधिक कारखानदार या धंद्यांत उतरले. एवढ्या गाड्या फिरूं लागल्यावर तुडवून टणक केलेल्या वाटा सर्वत्र तयार झाल्या, शर्यती सुरू झाल्या, आणि अग्रभागाची सुधारणा या टणक वाटांच्या गरजेप्रमाणें होऊं लागली. आरंभीं बैलगाडीच्या आंसासारखी कठीण बांधणी व वर लोखंडी पात्यांच्या स्प्रिंगा असत. एका स्कीखालीं उंचवटा आला कीं सगळी गाडी हिसका खाई. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत शर्यतीच्या गाड्यांत, आणि १९८० पासून पोलारिसच्या ‘इंडी’ या बाजारी गाडींत, प्रत्येक स्कीला स्वतंत्र स्प्रिंग व धक्के शोषणारा नळा मिळाला. स्कींच्या तळाशीं टंगस्टन-कार्बाइडची धारदार सळई बसविण्यांत आली. ती टणक बर्फावर नखासारखी रुतते. दोन स्कींमधलें अंतर वाढविण्यांत आलें, आणि वळतांना गाडी कलूं नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा पिळाचा दांडाही आला. टणक वाटेवर या सर्व गोष्टींनीं गाडी विलक्षण आज्ञाधारक झाली.

आणि हीच आज्ञाधारक गाडी रॉकी पर्वतांतील हिमांत नेली तेव्हां ती पूर्वीपेक्षां अडेल ठरली. कार्बाइडच्या सळईस रुतावयास खालीं कांहीं टणक नव्हतेंच. दूर ठेवलेल्या स्की गाडीला कलूं देत नव्हत्या, आणि पर्वताच्या उतारावर आडवें जावयाचें तर कलणें हाच उपाय. कारखानदारांनीं बरींच वर्षें या तक्रारीकडे काणाडोळा केला. पश्चिमेकडील पर्वतवासी लोक मात्र आपापल्या पडवींत यंत्रांची काटछाट करीत राहिले. त्यांनीं पिळाचा दांडा काढून टाकला, स्की जवळ आणल्या, पट्टे लांब केले. १९९० च्या दशकांत कारखान्यांनीं ही गोष्ट मनावर घेतली, आणि ‘समिट’, ‘आर्. एम्. के.’ अशा नांवांच्या खास पर्वती गाड्या निघाल्या. नेहमींच्या गाडीचा पट्टा एकंदर १२१ इंच लांब असे. पर्वती गाड्यांचा १३६, १४४, १५१ असा वाढत पुढें १६३ व १७४ इंचांपर्यंत गेला. पट्ट्यावरील रबरी दाते एक इंचाच्या आंत असत, ते दोन, अडीच, तीन इंच झाले. पट्टा लांब झाला म्हणजे भार अधिक जागेवर पसरतो. मागील भाग कमी बुडतो, आणि मागील भाग बुडाला नाहीं म्हणजे अग्रभाग निष्कारण वर उचलला जात नाहीं. अग्रभागाच्या रोगाचें अर्धें मूळ पाठीमागें होतें, हें येथें प्रथम नीट उमगलें.

पुढच्या बाजूसही बारीक पण महत्त्वाचे फरक झाले. लोखंडी स्कीच्या जागीं प्लॅस्टिकची, रुंद व हलकी स्की आली. तिला बर्फ चिकटत नाहीं, आणि तिच्या तळाशीं नौकेच्या कण्यासारखा खोल उंचवटा असतो, तो मऊ हिमांतही आडवा रेटा देतो. गाडीचें पोट अरुंद झालें, म्हणजे कलल्यावर तें हिमांत घासत नाहीं. पट्ट्याच्या आंतल्या चौकटीस पुढच्या अंगास एक बंद असतो. तो आंवळला तर स्कींवर भार येतो व चढावर तोंड ताब्यांत राहतें, सैल सोडला तर भार मागें सरकतो व अग्रभाग हिमावर सहज चढून येतो. अर्ध्याएक इंचाच्या या फरकासाठीं जाणते चालक हंगामाच्या आरंभीं पाने घेऊन तास-दोन तास खपतात. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याची चिकाटी ज्यानें पाहिली आहे त्याला याचें नवल वाटणार नाहीं. २००३ च्या हंगामांत आलेल्या स्की-डूच्या ‘रेव्ह’ गाडीनें आणखी एक पाऊल टाकलें. तिनें चालकाची जागाच बरीच पुढें, गाडीच्या मध्याजवळ आणली. मागें रेलून बसलेला चालक आतां घोड्यावरील स्वाराप्रमाणें रिकिबींत उभा राहूं लागला.

हा शेवटचा फरक सर्वांत मोठा होय. कारण त्यामुळें वळविण्याची मूळ कल्पनाच पालटली. खोल हिमांत गाडी डावीकडे वळवावयाची असली तर निष्णात चालक हँडल डावीकडे फिरवीत नाहीं. तो उभा राहून आपलें सगळें वजन डाव्या पायावर टाकतो, हँडल किंचित् उजवीकडे नेतो, आणि नेमका त्याच क्षणीं जोर वाढवितो. स्की उजवीकडे निघतात, गाडीचा वरचा भाग डावीकडे कलतो, पट्टा आपल्या डाव्या कडेवर उभा राहतो, आणि ती कड कोयत्याच्या पात्यासारखी हिमांत गोल वळण कापीत जाते. सायकल चालविणारा मनुष्य नकळत हेंच करीत असतो. अशा वेळीं स्की गाडीला वळवीत नाहींत. त्या तिला केवळ कलूं देतात आणि तोल राखतात. म्हणूनच स्की जवळ हव्या, स्प्रिंगा नरम हव्या, आणि आडकाठी करणारा दांडा नको. अग्रभाग बळकट करून जें साधलें नाहीं, तें त्याला नमतें घ्यावयास शिकविल्यावर साधलें. पुढें मोटारसायकलीचीं चाकें काढून मागें पट्टा व पुढें एकच स्की लावण्याची तऱ्हा निघाली. ती तर पूर्णपणें कलण्यावरच वळते. ‘अल्पाइन’च्या एका स्कीला जें जमलें नव्हतें तें या एका स्कीला जमलें, कारण आतां तिच्यावर वळविण्याचें ओझेंच उरलें नव्हतें.

येथवर ही कथा निव्वळ यशाची वाटेल. परंतु वाहन बदललें म्हणजे त्याच्या भोंवतींचें जीवनही बदलतें. फिनलंडच्या उत्तरेस राहणाऱ्या स्कोल्ट सामी लोकांत १९६० च्या दशकाच्या आरंभीं पहिली बर्फगाडी आली. दहा वर्षांच्या आंत रेनडियर हांकण्याची त्यांची जुनी रीत पार पालटली. पर्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञानें १९७३ सालीं ‘द स्नोमोबाइल रेव्होल्यूशन’ या ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. ज्यांना गाडी व पेट्रोल परवडलें ते टिकले, ज्यांना परवडलें नाहीं त्यांच्यापैकीं पुष्कळांचा पिढीजात व्यवसाय सुटला. आणि माणसाच्या सहवासांत वाढलेलीं जनावरें यंत्राच्या आवाजानें बुजरीं झालीं. कॅनडाच्या पोलिसांची कुत्र्यांच्या गाडीवरची शेवटची गस्त १९६९ सालीं झाली. कुत्र्यांची गाडी मंद होती. पण वाटेंत ती बंद पडत नसे, आणि पातळ बर्फाची चाहूल कुत्र्यांना आधीं लागत असे.

पर्वतांत याहून गंभीर परिणाम झाला. जुनी गाडी चढावर रुते, म्हणजे हिमच माणसाला अडवी. जेथें जाणें धोक्याचें तेथें जातांच येत नसे. नवी गाडी रुतत नाहीं. उंच उभ्या उतारावर भरधाव चढावयाचें, जेथवर जोर पुरेल तेथें सफाईनें वळून खालीं यावयाचें, आणि कोणाची रेघ वर गेली हें पाहावयाचें, असा एक खेळ तेथें निघाला. हा खेळ म्हणजे सगळा त्या वरच्या वळणाचाच खेळ; आणि ज्या उतारावर तो रंगतो तेथेंच हिमाचे थर सुटून कोसळतात. २८ डिसेंबर २००८ रोजीं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियांत, फर्नी गांवाजवळ, एकाच गांवचे अकरा स्वार अशा डोंगरांत गेले होते. पहिल्या कड्यानें सात जणांस गाडलें. उरलेले चौघे त्यांना उकरण्यास धांवले, तों दुसरा कडा आला. अकरांतले तिघेच परतले. १३ मार्च २०१० रोजीं त्याच प्रांतांत रेव्हेलस्टोकजवळ चढाच्या एका मेळाव्यावर कडा कोसळला. सुमारें दोनशें माणसें जमलेलीं होतीं, दोघे मेले.

गाडी सुधारली हा दोष नव्हे. याच सुधारलेल्या गाड्यांवरून शोधपथकें जातात, दूरच्या वस्त्यांवर औषध पोंचतें, आणि व्हालकूरच्या त्या बापाला १९३४ सालीं जें हवें होतें तें आज पुष्कळ बापांना मिळतें. परंतु पूर्वीं निसर्गानें घातलेली जी मर्यादा फुकट पाळली जात होती, ती आतां माणसानें आपल्या विचारानें पाळावी लागते. त्या देशांतले जाणते लोक आतां तसे नियम शिकवूं लागले आहेत. घरून निघण्यापूर्वीं कड्यांविषयींचा त्या दिवसाचा इशारा वाचावा. अंगावर शोधयंत्र, पाठीवर फावडें व काठी असावी. उतारावर एका वेळीं एकानेंच जावें, आणि बाकीच्यांनीं वाटेबाहेर, सुरक्षित जागीं उभें राहून त्याजवर नजर ठेवावी. हे नियम पाळणारा स्वार पुष्कळदां चांगला चढ समोर असतां गाडी मागें फिरवितो. साठ वर्षांच्या खटाटोपानें जी गाडी हवी तेथें वळूं लागली तिचें तें वळण कोणी मोजीत नाहीं, आणि त्याची रेघही कोणाला दाखवितां येत नाहीं. परंतु संध्याकाळीं घरीं त्याची वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें त्या दिवसाचें सारें सारथ्य त्यांतच असतें.